राधानगरीच्या वाटेवर कवट्यांची भावकी

या, अशा जवळ या. तिकडं गोष्टीच्या उंबऱ्याशी एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून काय ऐकताय? बसायचं तर मांडी घालून बसा. तुमच्यावर माझा थोडा राग आहे, तो आधी काढून टाकते, म्हणजे पुढचं मोकळ्या मनानं सांगता येईल. राधानगरीला तुम्ही सगळे जाता. धरणाचे दरवाजे उघडले की जाता, फोटो काढता, भाजलेलं कणीस खाता आणि संध्याकाळी परत. वाटेतल्या एखाद्या गावात उतरून कुणाच्या सोप्यात बसलाय कधी? न्हाय ना? सत्तरी गाठेपर्यंत मीही बसले नव्हते, म्हणून फार बोलत नाही. पण आता जाऊन आलेय, आणि गेले ती सहा कवट्या बरोबर घेऊन.

दचकू नका. खऱ्या नव्हेत.

जयसिंगपूर ते रंकाळा स्टँड

माझ्या धाकट्या भावाची मुलगी अस्मिता पुण्यात जुन्या हाडांचा अभ्यास करते. जुनी म्हणजे आपल्या पणज्या-खापरपणज्यांची नव्हे, लाखो वर्षांपूर्वीची. जमिनीत राहून राहून दगड झालेली. त्या खऱ्या कवट्यांवरून साचे घेऊन केलेल्या नकला तिच्याजवळ असतात. त्या एका खोक्यात घालून गावोगावच्या शाळांत न्यायच्या आणि मुलांच्या हातात द्यायच्या, असं तिच्या मनात आलं. तिच्या ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं, "एक शाळा करून बघा. त्या शाळेनं पुढच्या शाळेला बोलवायला सांगितलं, तर खोकं फिरू दे. नाहीतर कपाटात ठेवून टाका." ती एक शाळा राधानगरीच्या अलीकडच्या गावातली ठरली. आणि जायच्या आठवड्यात बाईसाहेब स्कूटीवरून पडल्या. उजवा हात मनगटापासून प्लास्टरात.

माझा भाऊ मला म्हणाला, "अक्का, तू जा की तिच्यासंगट. हिला एकटीला खोकं उचलंना झालंय."

मी चौथी शिकलेली. पण वाचनालयातलं हाताला लागेल ते वाचत आलेय आणि न कळलेलं विचारायला मला लाज वाटत नाही. शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि निघाले.

कोल्हापुरात गाडी बदलून रंकाळा स्टँडवरून राधानगरीची एस.टी. धरली. दिवाळी होऊन गेलेली, उसाच्या तोडी सुरू झालेल्या. परिते गाव सोडल्यावर गुऱ्हाळाचा वास खिडकीतून असा आत आला की नुसत्या वासानं चहा गोड झाला असता. मी खोकं मांडीवर घेऊन बसलेली. कंडक्टर आला.

"मावशी, खोक्यात काय हाय?"

आयुष्यभर खरं बोलायची खोड. म्हटलं, "डोकी हायत."

"कसली डोकी?"

"माणसांची. एक माकडाचं हाय."

माझ्या शेजारी एक बाई ताकाची किटली घेऊन बसली होती. ती जी ताडकन उठली, ती किटली सोडूनच. सगळं ताक खोक्यात. मागच्या बाकावरून एक म्हातारा ओरडला, "काल अमोशा झाली की रं! गाडी थांबवा!" कंडक्टरनं माझ्या पायाशी वाकून बघितलं. "लिंबू न्हाय न्हवं आणलं बरोबर?"

"हाय की. सरबताला आणलंय."

यावर अर्धी गाडी उभी राहिली. अस्मिता ओरडून सांगत होती, "अहो, प्लास्टरची आहेत, प्लास्टरची!" पण ती हात वर करून सांगत होती आणि हातही प्लास्टरचाच, त्यामुळं लोकांना वाटलं पोरगी हातालाच काहीतरी झालंय म्हणून रडतेय. शेवटी तिनं एक कवटी काढून आतून पोकळ आहे ती दाखवली, टिचकी मारून वाजवली, तेव्हा गाडी हसली. ताकवाल्या बाईनंच आपल्या पदरानं खोकं पुसायला घेतलं. "आधी सांगायचं न्हाय व्हय खोटी हायत म्हणून," ती मला म्हणाली. खरंच. आधी ते सांगायचं होतं.

आबांचं अंगण

आमची उतरायची सोय शाळेच्या कमिटीच्या अध्यक्षांकडं होती. गाव त्यांना आबा म्हणतं. मोठं घर, पुढं सोपा, सोप्यापुढं सारवलेलं अंगण, एका अंगाला मळणी झालेल्या भाताची रास. आबा शेतावर होते. त्यांच्या मालकीण हौसाक्का घरात होत्या. खोकं उघडल्यावर आंबट ताकाचा भपकारा आला आणि दिसलं की कवट्यांना दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठ्यांची शाई विरघळून सगळं निळं झालंय.

हौसाक्कांनी काही विचारलं नाही. हंडाभर पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "धुवा आणि घोंगड्यावर उनात घाला. मी भाकरी टाकतो तवर." आमच्याकडच्या बायका आता शहरात येऊन 'टाकते, करते' बोलायला लागल्यात. इकडं अजून 'टाकतो, जातो' ऐकलं की मला माहेरी आल्यासारखं होतं.

जेवायला तांदळाची भाकरी, पावट्यासारख्या वरण्याची आमटी आणि वाटी पालथी केली तरी पडणार नाही असं म्हशीचं दही. आम्ही शाळूच्या भाकरीवर वाढलेली माणसं. ही पांढरी, मऊ भाकरी हातातून घसरतेच. मी माझी चटणी काढली तर हौसाक्का म्हणाल्या, "पूर्वेची माणसं तुम्ही. चटणीशिवाय निघायची न्हाईत."

जेवण झाल्यावर अंगणात बसलो. अस्मिताचा लिहायचा हात बांधलेला, तेव्हा नव्या चिठ्ठ्या मी लिहायच्या ठरल्या. ती म्हणाली, "आत्ती, नुसतं लिहू नकोस. कोण कुठला ते तूच ओळख."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मुलगी बघायला जातेस तेव्हा काय काय बघतेस? तसंच बघायचं."

मग मी बघितलं. तिनं एकेक उलटी करून दाखवली. पाठीचा कणा जिथं डोक्याला लागतो तिथं कवटीला एक भोक असतं. चिंपांझीचं ते मागच्या बाजूला आणि माणसाचं बरोबर मधोमध, कारण आपलं डोकं हंड्यासारखं कण्यावर तोललेलं. दुसऱ्या एका कवटीत मेंदूची जागा चिंपांझीएवढीच लहान, तोंड पुढं आलेलं, पण भोक मात्र मधे सरकलेलं.

"म्हणजे ही दोन पायांवर चालायची," अस्मिता म्हणाली. "आफ्रिकेतली. मेंदू वाढायच्या कितीतरी आधी आपली माणसं उभी राहिली."

"आधी उभं राहायचं, मग शहाणं व्हायचं," मी म्हटलं. "आमच्या घरात तर काहीजण नुसते उभेच राहिलेत."

तिसऱ्याच्या डोळ्यांवर भुवईचं हाड वळचणीसारखं पुढं आलेलं. तो इरेक्टस, म्हणजे ताठ उभा राहणारा. चौथी कवटी मोठी, लांबोडी, आणि मागं चक्क अंबाडा! मी बोट फिरवून बघितलं, हाडाचाच अंबाडा. तो निअँडरथल. त्याचं नाव घेताना माझी कवळी सुटायला बघते. पाचवं म्हणजे फक्त वरचं टोपण. ते आपल्या नर्मदेच्या काठी सापडलेल्या कवटीचं. कुणाचं म्हणायचं, यावर शास्त्रज्ञांचं अजून जमलेलं नाही. सहावी आपली. उभं कपाळ आणि खाली हनुवटी.

"हनुवटी फक्त आपल्याला," अस्मिता म्हणाली. "बाकी कुणाला नाही. कशासाठी आली ते अजून नीटसं कळलेलं नाही."

मी माझी हनुवटी चाचपली. इतकी वर्षं तिथंच होती आणि मी कधी तिला मान दिला नव्हता.

मी विचारलं की मग यातले आपल्या हाताला इतके थोडेच का लागले. ती म्हणाली, लाखात एखादंच हाड टिकतं. लगेच गाळात गाडलं गेलं पाहिजे, कुणी खाल्लं नाही पाहिजे, माती चांगली पाहिजे. जाळलं तर प्रश्नच मिटला. मी म्हटलं, "मग आम्ही लिंगायत नशीबवान. आमच्यात माणूस गेलं की बसवून पुरतात. लाख वर्षांनी कुणी खणलं तर म्हणेल, या लोकांना चालता येत नव्हतं, सगळे बसलेलेच सापडले." अस्मिता इतकी हसली की प्लास्टरचा हात धरून बसली. मग म्हणाली, "हसू नये खरं तर. आमच्या चुका अशाच होतात."

चिठ्ठ्या लिहून झाल्यावर मी उत्साहानं कवट्यांची रांग लावली, लग्नाच्या फोटोत लावतात तशी. लहान मेंदू डावीकडं, मोठा उजवीकडं.

"आत्ती, ही रांग मोडायलाच तर मी आलेय!" ती म्हणाली. "एकानंतर एक असं नाहीच ते. यातले कितीतरी एकाच वेळी जिवंत होते. काही आपले पूर्वज, काही नुसते बाजूचे. कुणाचा वंश चालला, कुणाचा खुंटला."

"मग तसं सांग की सरळ," मी म्हटलं. "भावकी आहे ही. निअँडरथल म्हणजे आजा नव्हे, चुलत आजा."

अस्मितानं माझ्याकडं टक लावून बघितलं. "भावकी! आत्ती, उद्या हाच शब्द वापरते."

मला काय माहीत, हा शब्द दुसऱ्या दिवशी कुणाच्या गळ्यात अडकणार ते.

तेवढ्यात फाटकात आबा आले. डोक्याला मोठा गुलाबी पटका, कमरेत चांगलेच वाकलेले, हातात काठी. आपल्या भाताच्या राशीशेजारी सहा कवट्या उन्हं खात बसलेल्या बघून ते जागीच थांबले.

"कुणाची मढी हायत ही?"

अस्मितानं समजावून सांगितलं. आबा सोप्यात न बसता उभेच राहिले. "तर तुम्ही आम्हाला माकडाची अवलाद म्हणायला आलाय."

हौसाक्का मला आत घेऊन हळूच बोलल्या. पुस्तकात ते चित्र असतं ना, डावीकडं माकड, मग वाकलेला, मग कमी वाकलेला, शेवटी ताठ माणूस. शाळेतली पोरं त्या तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणतात, हे आबा. आबांच्या नातीला 'तिसऱ्या नंबरची नात' म्हणतात. पोरगी रडत घरी आलेली. तेव्हापासून आबांना तो धडाच नको झालाय.

बाहेर आबा अस्मिताला सांगत होते, "उद्याचं आवतण दिलंय, तेवढं होऊ दे. पण मी पुढं बसणार. आणि पुढच्या शाळांना सांगायचं का न्हाय, ते मी ऐकून ठरवणार."

अस्मितानं खोकं बांधायला घेतलं, डाव्या हातानं. गाठ काही बसेना. मी बसवून दिली.

शाळा

सकाळी शाळेच्या पटांगणात ताडपत्री अंथरलेली. एका अंगाला मुलं, दुसऱ्या अंगाला बायका, पुढं खुर्चीवर आबा. टेबलावर पाहुणीच्या सत्काराचं ताट. टोपी, टॉवेल, नारळ.

अस्मितानं सुरुवातच त्या चित्रानं केली. फळ्यावर ती वाकलेल्यांची रांग डाव्या हातानं काढली, म्हणजे आधीच वाकडी माणसं आणखी वाकडी झाली, आणि मग डस्टरनं सगळी पुसून टाकली. "हे चित्र चूक आहे," ती म्हणाली. "अशी रांग कधी नव्हतीच. वाकून चालणारा, निम्मा माणूस निम्मं माकड, असा कुणी सापडलेला नाही. जो उभा राहिला तो नीटच उभा राहिला. माणूस वाकतो तो वयानं आणि कामानं." तिनं भोकाची गंमत दाखवली, मुलांनी आपापल्या मानेमागं हात लावून बघितले. आबांनीही हळूच पटक्याखाली बोट घातलं. मी बघितलं.

"आणि माकड आपला आजा नव्हे," अस्मिता म्हणाली. "भावकी आहे. फार लांबची."

आबा खुर्चीत पुढं सरकले. "भावकी म्हटल्यावर कळतंय. वाटणी कधी झाली?"

"चिंपांझीची आणि आपली? साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी."

"मग ठीक हाय. तेवढ्या लांबच्याला लग्नपत्रिका द्यावी लागत न्हाय." हशा पिकला. नर्मदेचं टोपण हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ही आपल्या मुलखातली. सातबाऱ्यावर नाव कुणाचं?" अस्मिता म्हणाली, "नोंद व्हायची आहे. अजून वाद चाललाय." आबा खुशीनं मान हलवून म्हणाले, "मग ही आपल्यासारखीच माणसं."

इतकं छान चाललं होतं. मला वाटलं, जिंकलं. आणि मग अस्मितानं अंबाडेवाल्याला उचललं.

"हा निअँडरथल. आपला चुलत भाऊच. आता तर त्याच्या हाडाच्या भुकटीतून शास्त्रज्ञांना कळलंय की आपल्या पूर्वजांची आणि त्याची लग्नं झाली होती. त्याचा थोडासा अंश आज आपल्या रक्तात आहे. शंभरात एखादा भाग."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. 

आबा म्हणाले, "भावकीत सोयरीक?"

अस्मितानं माझ्याकडं बघितलं. पोरगी पुण्यात राहून हे विसरली होती, आणि मी शब्द देताना विसरले होते. भावकी म्हणजे भाऊ-बहीण. त्यांच्यात लग्न म्हणजे तोंड काळं करून गाव सोडायची गोष्ट.

"आमच्या रक्तात असलं न्हाय," आबा काठी टेकून उठले. "पोरांफुडं हे सांगायचं? बास झालं. बांधा खोकं."

अस्मिताचा चेहरा पडला.  खोकं कपाटात निघालं होतं, आणि ते मीच ढकललं होतं. एका शब्दानं.

बायकांतून हौसाक्कांचा आवाज आला. मोठा, खणखणीत.

"अवो, बसा की खाली. उठायची घाईच लई. पोरीला एक इचारतो मी. ह्या अंबाडेवाल्याची आणि आपली वाटणी कधी झाली?"

"पाच-सहा लाख वर्षांपूर्वी," अस्मिता म्हणाली. "मग ते तिकडं थंडीच्या मुलखात राहिले, आपले आफ्रिकेत. लग्नं झाली ती त्यानंतर कितीतरी काळानं, आपली माणसं तिकडं पोचली तेव्हा."

"मधल्या काळात एकमेकांचं सुतक पाळलं का त्यांनी?"

अस्मिता गोंधळली. "सुतक? एकमेकांची ओळखच नव्हती त्यांची."

"झालं तर!" हौसाक्का नवऱ्याकडं वळल्या. "वरल्या आळीच्या घराचं सुतक आपण का सोडलं? तुमच्या वडलांनीच म्हटलं न्हवं, लई पिढ्या झाल्या, आता ते वेगळं, आपण वेगळं. सुतक तुटलं की भावकी तुटली. मग भावकीत सोयरीक कुठं झाली? परक्यात झाली."

आमच्यात सुतक पाळत नाहीत, त्यामुळं हे मला जन्मात सुचलं नसतं. मी टाळी वाजवणार होते, पण आबांच्या तोंडाकडं बघून हात खाली घेतला.

आबा उभेच. काठी जमिनीवर दोनदा आपटली. "अशी लांबची लग्नं चालत्यात का? शास्त्रज्ञ काय म्हणत्यात?"

अस्मिताला आता धीर आला. "त्यांचं भांडण नेमकं त्यावरच आहे, आबा. काहीजण म्हणतात हा वेगळ्या जातीचा, म्हणजे वेगळा प्राणीच. काहीजण म्हणतात, मुलंबाळं झाली, ती मुलंही नांदली, मग वेगळा कसला? भावकी नेमकी कुठं संपते, ते त्यांना ठरवता येत नाही."

"त्यांच्यात सुतक नसंल," आबा म्हणाले. "म्हणून भांडण मिटंना."

मग ते टेबलापर्यंत चालत गेले. निअँडरथलला दोन्ही हातांनी उचललं, उलटं करून भोक बघितलं, अंबाड्यावरून अंगठा फिरवला.

"ह्याची मुलगी आपल्यात आली, का आपली त्याच्यात गेली?"

"दोन्ही झालं असावं."

"मग हा पावणा की आमचा! आणि पावण्याला असं उघड्या डोक्यानं बसवलंय?"

त्यांनी सत्काराच्या ताटातली टोपी उचलली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. टोपी वरच राहिली. डोकं लांब, मागं अंबाडा, बसायची कशी? पोरं हसायला लागली. त्यांच्या नातीनं पुढून ओरडून सांगितलं, "आबा, त्याचा मेंदू आपल्यापेक्षाबी मोठा हाय, ताईंनी सांगितलंय!"

आबांनी टोपी ताटात ठेवली. आपल्या डोक्यावरचा गुलाबी पटका सोडला, आणि सगळ्या गावासमोर, पांढऱ्या विरळ केसांनी उघडे उभे राहून, तो फेऱ्यावर फेरे देत त्या कवटीला बांधला. वळचणीसारख्या भुवयांवर तो असा शोभला की बायकांतून कुणीतरी म्हणालं, "वरल्या आळीचा नाना दिसतोय!"

नारळ अस्मिताला मिळाला, टॉवेल मला. आबा गावाकडं वळून बोलले, "पावण्याला वाटेवर सोडायची आपली रीत न्हाय. फुडल्या गावाला पोचवून यायचं. फुडल्या शाळेला मी आजच कळवतो. खोकं एस.टी.नं जाणार न्हाय, माझ्या जीपनं जाणार."

आणि गेलंही. आबा स्वतः पुढं बसले, मांडीवर पटका बांधलेला पावणा घेऊन. पुढच्या गावात उतरल्यावर त्यांनी त्या शाळेतल्या मास्तरांना काय सांगितलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "रांग-बिंग काय नस्ती बरं का. चित्र चुकीचं हाय."

पटका परत घ्यायला ते तयार झाले नाहीत. दिलेलं मानपान परत घेतात व्हय, म्हणाले.

सध्या तो पावणा माझ्याकडंच आहे. अस्मिताचा हात सुटेपर्यंत खोकं जयसिंगपूरला ठेवलंय, मग शिरोळकडच्या शाळांतून ते फिरायचं आहे. माझ्या सोप्यात कोनाड्याखाली बसलाय, गुलाबी पटका बांधून, आणि दारावरून जाणारा प्रत्येकजण आत डोकावून विचारतो, "अक्का, पावणं कुठलं?" मी म्हणते, "सोयरं हायत. लई दिवसांनी आल्यात."

आता तुम्हाला बोलवायला मी फार लांबून हाक मारायची का? या ना लवकर. संक्रांतीच्या आत या, तोवर तो इथं आहे. भाकरी शाळूची असेल, चटणी आहेच. आलात की आधी तुमची हनुवटी बघीन, मग मानेमागं हात लावायला सांगीन, आणि मग त्याच्या शेजारी बसवीन. आपल्या माणसाला भेटून घ्या एकदा.